पूजलेलं दार आणि एक स्टूल

अन्याय झाला तो महाप्याच्या एका कारखान्यातल्या वायरिंग लाइनच्या ताईंवर. गेल्या वर्षी, दसऱ्याची सुट्टी संपून कारखाना उघडला त्या सकाळी, पहिल्या चहाच्या आधी. ताईंचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना अजून याच पट्ट्यात पोट भरायचंय आणि इथले मालक एकमेकांना फोन करतात. मालकाचंही लिहीत नाही. तो काही एकटा नाही. त्याच्यासारखे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना बसलेत, आणि जगाला काहीतरी शिकवायचं राहून गेलंय अशी प्रत्येकाची समजूत आहे.

मी तिथे कशी पोचले ते सांगते. खारघरला कॉलेजात होते तेव्हापासून मी पत्रकं लिहायचे. घरकामाच्या बाया, सफाई कामगार, कंत्राटी पोरं यांच्यासाठी आमचा छोटासा गट होता. पत्रकाचं एक बरं असतं. पहिल्या ओळीत कुणाला लागलं ते सांगायचं, शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याने काय करायचं ते सांगायचं, आणि मधे रडत बसायचं नाही. घरी पैशाची गरज लागली तेव्हा हीच लेखणी घेऊन मी लिफ्टचे कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या या कारखान्यात चिकटले. खाली लाइन, वर ऑफिस. मालक गाडीत बसल्या बसल्या फोनमध्ये आपले विचार बोलायचा, ते रेकॉर्डिंग मला यायचं, आणि त्याचे ‘यशस्वी संस्थेचे धडे’ करून मी कंपनीच्या पानावर टाकायचे.

त्यात धडा शोधावा लागायचा. माणसं जोडा. मोठी स्वप्नं बघा. सोमवारी हसत या. आणि दर आठवड्याला, न चुकता, ‘माझ्याकडे कामगार नाहीत, फॅमिली मेंबर आहेत.’ फॅमिलीतल्या बहुतेक बायकांना ठेकेदारामार्फत का आणलंय, यावर रेकॉर्डिंग कधी आलं नाही.

पितृपक्षात नवे व्यवहार होत नाहीत, म्हणून त्या पंधरवड्यात मालक शिकायला गेला. कर्जतजवळ एका रिसॉर्टवर मालकांनीच मालकांसाठी शिबिर भरवलं होतं. फरसाणवाल्याने रंगाच्या डब्यावाल्याला शिकवायचं, डब्यावाल्याने पॅनलवाल्याला, आणि संध्याकाळी सगळ्यांनी शेकोटीभोवती बसून आपण मुळात किती साधे आहोत यावर गहिवरायचं. तिथून मालक दोन धडे घेऊन आला. पहिला असा की उभी टीम जागी असते. दुसरा असा की खऱ्या नेत्याला दार नसतं.

पहिल्या धड्यापायी खालच्या लाइनवरची सगळी स्टुलं एका दुपारी उचलून टेम्पोत भरली गेली. तारांची टोकं सोलायची, दाबून बसवायची, नंबर लावायचे, हे काम बायका इतकी वर्षं बसून करत होत्या. आता टेबलं तीच, उंची तीच, आणि बायका कमरेत वाकून उभ्या. वरच्या मजल्यावर आमच्या चाकांच्या खुर्च्या होत्या तशाच राहिल्या. वर जागं राहायची सक्ती नव्हती.

दुसऱ्या धड्यापायी घटस्थापनेच्या सकाळी सुतार आला आणि त्याने मालकाच्या केबिनचं सागवानी दार बिजागऱ्यांसकट काढलं. फोटो झाले. दार नाही, आडपडदा नाही, कुणीही यावं, काहीही बोलावं, असं मालकाने जाहीर केलं.

आता ही केबिन जिन्याच्या तोंडाशी. समोर अकाउंट्स, बाजूला एचआर, आणि जिन्याच्या वळणापर्यंत आवाज जातो. पूर्वी एखादी बाई वर यायची, दार लोटायची, आत काय बोलायचं ते बोलायची, कधी रडून डोळे पुसून बाहेर पडायची, आणि काय झालं ते बाहेर कुणाला कळायचं नाही. आता तिने सुपरवायझरबद्दल बोलायचं म्हटलं तर सुपरवायझर जिन्यात उभा. पहिले काही दिवस एकही बाई वर आली नाही. एचआरच्या मॅडमनी हे मालकाला मोठ्या आनंदाने सांगितलं, तक्रारी शून्यावर आल्या म्हणून. मालकाने लगेच रेकॉर्डिंग पाठवलं.

वर गेल्या त्या फक्त ताई, लाइनच्या इन्चार्ज. साताऱ्याकडच्या. नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी होता, पाठ गेली तसा घरी बसला. लाइनवर येणारी प्रत्येक नवी पोर ताईंच्या हाताखालून गेलेली. त्यातल्याच एकीला दिवस गेले होते, आणि ते तिने ताईंशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक होती. ठेकेदाराला कळलं की तो फार मायेने म्हणायचा, आता घरी आराम करा. मग आराम संपायचाच नाही. त्या पोरीला जमतील तेवढे महिने काढायचे होते. दुपारपर्यंत तिचे पाय सुजायचे, आणि ती टेबलाला पोट न लागू देता उभी राहायची.

त्यात नवरात्र. रोज एक रंग. कंपनीच्या पानासाठी रोज बायकांचा फोटो, ‘नारीशक्ती’ म्हणून. फोटोत सगळ्या उभ्या. हिरव्याच्या दिवशी ताई हिरव्या साडीत जिना चढून आल्या आणि जिथे दार असायचं तिथे थांबल्या. सवयीने त्यांचा हात टकटक करायला वर गेला होता.

“या ताई, या. दारच नाहीये, ठोकताय काय?” मालक म्हणाला. अकाउंट्सवाले हसले.

“साहेब, लाइनीवर एक स्टूल पायजेल हुतं.”

“कुणाला?”

“एकीला.”

“कोण एकी? काय प्रॉब्लेम आहे तिला?”

ताईंनी मागे बघितलं. अकाउंट्सचे सगळे, मॅडम, मी, आणि जिन्यात बिल घेऊन आलेला ठेकेदाराचा माणूस. “असंच साहेब,” त्या म्हणाल्या. “एकच द्या. कोपऱ्यात ठेवतो.”

मालक समजावणीच्या सुरात आला. फॅमिलीत लपवालपवी नसते, विश्वास दोन्ही बाजूंनी लागतो, नाव सांगा, आत्ता स्टूल देतो. तो आणखी गोड होत गेला, त्या आणखी गप्प. शेवटी त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या मग,” आणि खाली गेल्या. मॅडमनी मला सांगितलं, बघ, याला म्हणतात निगेटिव्ह ॲटिट्यूड. मी म्हटलं, दार असतं तर बोलल्या असत्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी जेवणात केस दाखवला.

मग खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. ड्रिल मशीन, पक्कडी, तारा दाबायची टूल्स, टेस्टर, सगळं पुसून चादरीवर मांडतात, हळदीकुंकू वाहतात, झेंडूचे हार घालतात. ही पूजा मला आवडते. ज्याच्यावर पोट चालतं त्याच्यापुढे हात जोडावेत, यात वाईट काही नाही. पण मालकाने हत्यारांच्या मधोमध ते काढलेलं दार आणून उभं केलं. त्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलं, भलामोठा हार घातला, नारळ फोडला. या दाराचा त्याग हेच आपलं सगळ्यात मोठं हत्यार आहे, असं बोलला. बायका डोक्यावर पदर घेऊन उभ्या. ती पोर मशीनला टेकली होती.

आमचे शिपाईकाका इथल्याच गावचे. ज्या जमिनीवर ही एमआयडीसी उभी आहे त्यात त्यांच्या बापाचीही शेती गेली. पेढ्याचं ताट धरून ते माझ्याजवळ आले आणि तोंड न हलवता म्हणाले, “आमचे बापाची जागा गेली तवा यवरी पूजा नाय झाली. दाराचं नशीब हाय, घे पेरा.”

पूजा झाली, मालक गेला, आणि पूजलेलं दार ठेवायचं कुठे हे कुणालाच कळेना. भंगारात देता येईना, पुन्हा लावता येईना. शेवटी ते वायरिंग लाइनच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवलं, केबलच्या रिकाम्या लाकडी ड्रमांशेजारी.

दसऱ्याची सुट्टी संपली. सकाळी ताई सगळ्यांच्या आधी आल्या. सुकलेला हार काढून त्यांनी तुळशीच्या कुंडीत टाकला. दाराला हात लावून पाया पडल्या. मग दुसऱ्या एका बाईला हाताशी घेऊन त्यांनी दोन ड्रमांवर ते दार आडवं टाकलं. छान बाक झालं, सागवानी. पोर आली, तिला त्यावर बसवलं आणि टेबल पुढे ओढून दिलं. लाइन सुरू झाली. एका पोरीने बसून काम केल्याने महाराष्ट्रात कुठली लिफ्ट अडकली नाही.

सुपरवायझरने फोटो काढून वर पाठवला. फोटोत नुसतं दार, ड्रम आणि साडीचा काठ होता. मालक स्वतः खाली उतरला, मागून मॅडम, मागून मी. तोवर ताईंनी पोरीला उठवलं होतं आणि त्या स्वतः दारावर बसल्या होत्या. मालक आल्यावर उठल्या.

पूजेच्या वस्तूवर कोण बसलं होतं, असं मालकाने विचारलं. त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता, हे मला कबूल केलं पाहिजे. बाया उभं राहून मरतायत याने न दुखावलेला माणूस लाकडाच्या फळीसाठी कळवळला होता.

“मीच बसले हुते,” ताई म्हणाल्या. “गुडघं धरल्यात.”

“ताई, त्या दारावर स्वस्तिक आहे. देवाचं केलंय आपण ते.”

“पाया पडूनच आडवं केलं साहेब. आन् आमच्यासाठीच काढलं म्हनलासा न्हवं? मग आमीच बसलो.”

लाइनवरची एक बाई हसली. एकच. पण मालकाला ते पुरलं. पूजेच्या वस्तूचा अवमान आणि संस्थेच्या मूल्यांचा भंग, अशी दोन कारणं मॅडमनी तिथेच उभ्या उभ्या जुळवली. आज घरी जा, म्हणाल्या, कळवतो. स्टूल कुणासाठी हवं होतं ते अजूनही सांगितलं तर विचार करू, असं मालकाने हळूच पुढे सरकवलं. लाइनवर सगळ्याजणी माना खाली घालून तारा सोलत होत्या, ती पोरही. ताईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पिशवी घेतली, डबा घेतला, आणि कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या बाई पहिल्या चहाच्या आधी गेटबाहेर पडल्या. कळवलं कुणी नाही.

इथवर मी हे गिळलं असतं असं नाही, पण पुढचं ऐका. दिवाळीनंतर वाशीच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये उद्योजकांचा मेळावा होता, आणि मालक वक्ता. रेकॉर्डिंगला मी. हॉलभर खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला पांढरं कव्हर, पाठीमागे साटीनचा बो. मालकाचा विषय, ‘कठीण निर्णय’. तो म्हणाला, “माझ्या आईसारखी एक व्यक्ती होती. पण कल्चर वाचवायला मला तिला सोडावं लागलं. त्या रात्री मी जेवलो नाही.” टाळ्या. पुढच्या रांगेतल्या एकाने डोळे टिपले. ज्या बाईची रोजी घेतली तिच्यावर हा माणूस व्याख्यान देत होता, आणि उपाशीही तोच राहिला होता.

प्रश्नोत्तरांत पहिल्याने विचारलं, दार काढल्यावर एसीचं बिल वाढत नाही का. दुसऱ्याने विचारलं, स्टाफला मोटिव्हेट कसं करायचं. मग माइक माझ्या हाती आला, कारण तो फिरवायचं कामही माझंच होतं. मी विचारलं, “सर, खाली लाइनवर बायका बसतात कशावर?”

मागे कुणीतरी चमचा वाजवत होतं, जेवण लागलं होतं. हा चांगला प्रश्न आहे, आपण नंतर बोलू, असं मालक हसून म्हणाला, आणि सूत्रसंचालकाने माझ्या हातातला माइक काढून घेतला. नंतर बोलणं झालं ते मॅडमशी, ते फार लांबलं नाही, आणि त्यानंतर मी त्या ऑफिसात गेले नाही.

ताई आता रबाळ्याला पॅकिंगला आहेत. इन्चार्ज नाहीत, हाताखाली कुणी नाही, आणि पुन्हा नव्याने कुणालातरी मॅडम म्हणतात. भेटल्या तेव्हा पहिलं काय सांगितलं, तर तिथे बाकडं आहे. त्या पोरीला ठेकेदाराने अखेर आरामाला घरी पाठवलंच. लपवून लपवणार किती. करंजाड्याला तिच्या मुलाचं बारसं झालं, पाळण्याची दोरी ताईंच्या हातात होती. उन्हाळ्यात एसी पुरेना म्हणून मालकाच्या केबिनला काचेचं दार बसलं. पारदर्शकता, हा नवा धडा. स्टुलं परत आलेली नाहीत.

तुम्हालाही या मेळाव्यांची आमंत्रणं येतात. तुमच्या कॉलेजात, तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये असला कुणीतरी येऊन यश कसं मिळवलं ते सांगतो, आणि तुम्ही बो लावलेल्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवता. पुढच्या वेळी वाजवू नका. तो ‘फॅमिली’ म्हणाला की त्या खुर्चीवरून उठा आणि विचारा, तुमच्या कारखान्यात बायका बसतात कशावर. माइक काढून घेतला तर माइकशिवाय विचारा. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.