पुढची मानाची जागा

परवा ओल्या वर्तमानपत्रानं शोकेसची काच पुसत होते. ती पुसता पुसता एकदम उल्हासनगरहून कात्रपला बिऱ्हाड हलवलं तो दिवस आठवला. वीसेक वर्षं झाली असतील. ट्रॅक्टरच्या दोन चाकांच्या ट्रॉलीत पार मागे हे नवंकोरं शोकेस, आणि ते धरून बसलेल्या आमच्या धिप्पाड आत्तेसासूबाई. ट्रॅक्टर निघाला नि ट्रॉली कुत्र्याच्या शेपटीसारखी हलायला लागली. माझा सगळा जीव त्या काचेत!

ड्रायव्हरनं थांबून बघितलं. "वहिनी, मागं लोड जास्त झालाय. वजन पुढं घ्या, नायतर काच गेली समजा."

सामान तर दोरखंडानं करकचून बांधलेलं. सगळ्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं, पण बोलणार कोण? शेवटी मीच म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही घरातल्या मोठ्या. मानानं पुढं बसा बघू."

त्या ऐटीत पुढं सरकल्या, अन् ट्रॉली गरीब गाईसारखी चालली. काचेला चरासुद्धा नाही.

कात्रपला उतरताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "मान कसला गं? वजन वापरलंस माझं! आता चहा तरी गोड कर."

काल नातू गाडीचं दार उघडून म्हणाला, "आजी, तू मोठी, पुढं बस."

मी आधी मागं वाकून बघितलं, ट्रॉली जोडलीय की काय!