आत्ताच आत गेली

आत्ताचराव हे नाव त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं, ते त्यांनी स्वतःच्या कर्तृत्वावर मिळवलं. डोंगरउतारावरच्या त्या प्राणिसंग्रहालयात अगदी वरच्या टप्प्याला हिमबिबट्याच्या मादीची काच होती आणि त्या काचेपाशी टोपी घालून त्यांची ड्यूटी असे. धापा टाकत वर आलेल्या माणसाला पलीकडे दगड, वाळकं झुडूप आणि एक रिकामा ओंडका दिसला, की तो वळून विचारी, "काका, बिबट्या कुठाय?" मग आत्ताचराव मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, चुकचुकत आणि म्हणत, "अरेरे! आत्ताच आत गेली हो."

त्या 'आत्ताच'मधला 'त्ता' ते असा काही लांबवत, की समोरच्याला वाटावं, चूक आपलीच. आपणच खाली आइस्क्रीमच्या गाडीपाशी रेंगाळलो. बायको नवऱ्याकडे बघे, नवरा पोराच्या हातातल्या कोनाकडे बघे आणि सगळं कुटुंब एकमेकांना बोल लावत उतरणीला लागे. काकांना बोल लावायचं कुणाच्या डोक्यात येत नसे.

ही विद्या त्यांना इथे कुणी शिकवली नव्हती. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत काढली होती. गाडी कधी येणार हे त्या खिडकीला कुणी कळवत नसे आणि 'माहीत नाही' म्हणायची खिडकीला मुभा नव्हती. तेव्हा उत्तरं दोनच उरत: 'येतेच आहे' आणि 'आत्ताच सुटली'. भांडखोर चेहरा दिसला की पहिलं, गरीब चेहरा दिसला की दुसरं. घरीही तोच खाक्या. 'आत्ताच येतो' म्हणून कोपऱ्यापर्यंत गेलेला हा गृहस्थ दिवेलागणीला उगवायचा. बायकोने आधी त्रागा करून पाहिला, मग नाद सोडला.

लेकीने मात्र मनात ठेवलं. ती लहान असताना शहरात सर्कस आली होती. 'उद्या नेतो, परवा नेतो' करता करता तंबू उठला आणि आत्ताचराव घरी येऊन पोरीला म्हणाले, "अगं, आत्ताच गेली बघ सर्कस!" पोर रडली नाही की भांडली नाही. पुढे ती शिकली, नोकरीला लागली, लग्न करून दुसऱ्या शहरात गेली आणि बाप काहीही बोलला तरी "बरं" एवढंच म्हणू लागली. ते 'बरं' आत्ताचरावांना फार झोंबे. शिव्या परवडल्या असत्या.

निवृत्तीनंतर घरात बसून बायकोच्या डोळ्यांत खुपण्यापेक्षा त्यांनी प्राणिसंग्रहालयाची नोकरी धरली. हे संग्रहालय नुसतं जनावरं दाखवणारं नव्हतं, ते वन्यजीव वाचवणारं होतं, आणि ही गोष्ट कुणी विसरू नये म्हणून पायथ्यापासून माथ्यापर्यंत प्रत्येक वळणावर लिहून ठेवलेली होती. 'पिंजरा' हा शब्द तिथे निषिद्ध. 'अधिवास' म्हणायचं. जनावर कोंडलेलं नसायचं, 'संरक्षित' असायचं. डोंगराला वळणं पुष्कळ, त्यामुळे वर पोचेपर्यंत माणसाची खात्री पटायची, की आपण तिकीट काढलं म्हणूनच पृथ्वीवर अजून बिबटे आहेत. गुडघे तेवढे दुखायचे थांबत नसत.

हिमबिबट्याची मादी म्हातारी होती. आत्ताचराव तिला बाईसाहेब म्हणत. बाईसाहेबांना माणसांचा कंटाळा होता. पण कधीमधी, गर्दी नसली की त्या बाहेर येत, ओंडक्यावर आडव्या होत आणि ती लांबलचक झुबकेदार शेपूट नाकावर ओढून घेत. तेवढ्यासाठी आत्ताचराव डबा न उघडता काचेपाशी थांबत. रविवारी फोनवर हे सगळं तिखटमीठ लावून नातीला सांगत. बाईसाहेब आज रुसल्या, बाईसाहेबांनी आज मांसाचा तुकडा नुसता हुंगला, असलं काहीबाही. नात आईसारखं 'बरं' म्हणत नसे. ती म्हणे, "मग?" त्या एका 'मग?'साठी माणूस वाटेल ते सांगायला तयार होतो.

आणि एके सकाळी बाईसाहेब आतल्या खोलीत निजल्या त्या उठल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. आत्ताचराव पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडले. कुणाला दाखवायला नव्हे, खरे रडले. मग डोळे पुसून संचालक मॅडमच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "मॅडम, वरची पाटी उतरवू ना?"

मॅडमच्या टेबलावर कापडी हिमबिबट्यांचा नवा माल येऊन पडला होता. दाराशी असलेल्या दुकानात जायचा होता तो.

"सुट्ट्या तोंडावर आल्यात," मॅडम म्हणाल्या. "दुसरी मादी यायचीय, कागदपत्रं चालू आहेत. तोवर पाटी राहू दे."

"पण लोकांनी विचारलं तर?"

"आजवर काय सांगत होतात?"

"आत्ताच आत गेली."

"मग त्यात खोटं काय आहे? गेलीच ना ती?"

आत्ताचराव खोलीबाहेर येऊन बराच वेळ विचार करत राहिले. एक 'आत' सोडलं तर वाक्य खरंच बिनचूक होतं.

पुढे जे झालं त्याची मात्र मॅडमनाही कल्पना नव्हती. बाईसाहेब जिवंत असताना जेवढ्या दिसत नव्हत्या, तेवढ्या मेल्यावर दिसू लागल्या. काही दिवस काचेमागे खरोखरच काही नाही म्हटल्यावर लोक निरखून बघू लागले, आणि निरखून बघितलं की डोंगर चढून आलेल्या माणसाला काहीतरी दिसतंच. "ते बघ, कान!" "अगं, दगडामागे शेपूट, हलली बघ!" एकाला दिसली की दुसऱ्याला न दिसून चालत नसे. त्यानेही त्याच उन्हात तोच डोंगर चढलेला असे. लोक मोबाईलवर दगडाचे फोटो काढत, ते मोठे करून बायकोला दाखवत आणि समाधानाने खाली जाऊन कापडी बिबट्या घेत. आत्ताचरावांना काही बोलावंच लागेना. फुकटचा पगार खाल्ल्यासारखं वाटू लागलं त्यांना.

रविवारचे फोन चालूच होते. "बाईसाहेब आज शिंकल्या," आत्ताचराव सांगत. "मग?" नात विचारी. त्या 'मग?'पुढे 'बाईसाहेब मेल्या' हे शब्द काही तोंडातून बाहेर पडेनात. बायको आतून ओरडे, "अहो, सांगून टाका एकदाचं पोरीला!" "आत्ताच सांगतो," असं हळूच म्हणून ते फोन ठेवून देत.

आणि मग लेकीचाच फोन आला. "सुट्टीत येतोय आम्ही दोघी. हिला तुमचा तो बिबट्या बघायचाय. चित्रं काढून काढून भिंत भरून टाकलीय घराची. बाबा, एक विचारते. तो आहे ना खरंच?"

"म्हणजे काय! आहे तर!"

"बरं," लेक म्हणाली. थोडं थांबून पुढे म्हणाली, "माझं सोडा. माझी सवय मोडलीय विश्वास ठेवायची. हिची मोडू नका. ह्या वेळी सर्कशीसारखं करू नका, बाबा."

त्या दिवसापासून, नवी मादी तरी वेळेवर यावी म्हणून आत्ताचराव मॅडमच्या खोलीबाहेर घिरट्या घालू लागले. मॅडम म्हणत, "येतेच आहे." जन्मभर लोकांच्या गळ्यात मारलेलं उत्तर असं स्वतःच्या गळ्यात पडल्यावर ते किती पोकळ लागतं, हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

लेक आणि नात आल्या. आत्ताचरावांनी दारातून वरपर्यंत सोबत करायची परवानगी काढली होती, आणि त्या दिवशी त्यांना कासवांविषयी अचानक प्रेम उचंबळून आलं. "हे बघ, कासव! दीडशे वर्षं जगतं!" पोर कासवाकडे बघून म्हणाली, "छान आहे. बिबट्या कुठे?" मग पाणमांजरं झाली, शेळ्यांना पाला खाऊ घालून झाला, घुबडापुढे तर आत्ताचराव इतके रेंगाळले, की घुबडानेच पाठ फिरवली. मधल्या बाकापाशी लेकीला ऑफिसचा फोन आला. "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच," ती म्हणाली. आत्ताचराव म्हणाले, "थांबू की आपण! घाई काय?" पण नातीने त्यांचं बोट धरून ओढलं, आणि तिला सगळा रस्ता पाट्यांवरून वाचता येत होता.

वर काचेपाशी नेहमीची गर्दी होती. टक्कल पडलेला एक गृहस्थ पोराला खांद्यावर घेऊन शेपूट दाखवत होता. नातीने काचेला नाक लावलं, डावीकडून उजवीकडे सगळं नीट पाहिलं आणि मागे वळली.

"आजोबा, नाहीये."

आत्ताचरावांनी घड्याळाकडे पाहिलं. चुकचुकले. "अरेरे! आत्ताच आत गेली गं."

आजवर ह्या वाक्यानंतर माणसं खाली उतरली होती. नातीने पाठीवरची पिशवी काढली आणि काचेसमोर मांडी घालून खाली बसली.

"मी थांबते," ती म्हणाली. "बाहेर आली की बघेन. आई म्हणालीय, आज काही घाई नाही."

आत्ताचराव गडबडले. त्यांच्या उभ्या आयुष्यात कुणी थांबलंच नव्हतं. खिडकीतलं असो, काचेपाशीचं असो, त्यांचं सगळं दुकान लोकांच्या घाईवर चाललं होतं. "अगं, ती झोपली असेल," ते म्हणाले. "उठेल ना मग," नात म्हणाली. "तिला बरं नाहीये." "म्हणून शिंकली का?" तिने काळजीने विचारलं आणि आणखी ऐसपैस बसली. ते एकेक थाप मारत होते, आणि ती प्रत्येक थाप खरी मानून तिथेच रुतत चालली होती. पिशवीतून तिने एक चित्र काढून काचेला टेकवून उभं केलं, बाईसाहेबांना आतून दिसेल असं. चित्रात शेपूट नाकावर होती.

आत्ताचराव तिच्याशेजारी जमिनीवर बसले, टोपी काढून हातात घेतली.

"ती गेली गं," ते हळू आवाजात म्हणाले.

"हो. आत."

"आत नाही. नुसतीच गेली."

नात त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं.

"आणि शिंकली होती ते?"

"ते आधीचं. फार आधीचं."

"मी येणारे हे तिला माहीत होतं?"

"हो त—" सवयीने निघालेलं ते अर्ध्यावर गिळून आत्ताचराव म्हणाले, "नाही."

पोरीने चित्र उचललं, घडी घातली आणि पिशवीत ठेवलं. मग उठून त्यांचं बोट धरून त्यांनाही उठवलं. "आईला माहितेय?"

"नाही."

"ती चिडेल तुझ्यावर."

"चिडेल."

तेवढ्यात लेक वर पोचली. ओढणीने घाम पुसत तिने आधी पोरीकडे पाहिलं, मग बापाकडे. "काय गं? दिसला का बिबट्या?"

नातीने एकदा आजोबांकडे पाहिलं. मग मान वर करून आईला सांगितलं, "दिसली ना! आत्ताच आत गेली."

'त्ता' अगदी तस्साच लांबवला होता तिने.

एवढ्या वर्षांत इतकं सुंदर 'आत्ताच' आत्ताचरावांनाही जमलं नव्हतं. पोरीने त्यांची अब्रू झाकली होती, आणि झाकायला हाताला लागेल ते पांघरूण घेतलं होतं. ते पांघरूण त्यांचंच होतं. त्यांना एकदम लाज वाटली, कधी नव्हे एवढी.

"खोटं बोलतेय ती," ते मोठ्याने म्हणाले. "आत काही नाहीये. बिबट्या मेलाय. केव्हाचाच मेलाय."

टक्कलवाले गृहस्थ उसळले, "काहीतरीच काय, काका! मी आत्ता पाहिली. हा बघा फोटो." त्यांनी मोबाईल पुढे केला. आणखी दोघांनी माना डोलावल्या. त्यांनीही पाहिली होती. कुणीतरी म्हणालं, "इथली माणसंच अशी बोलायला लागली तर कसं व्हायचं?"

लेकीने फोटो हातात घेऊन नीट पाहिला. "ही काय शेपूट," ती म्हणाली, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा 'बरं' न म्हणता बापावर उखडली. "बाबा, कमाल करता तुम्ही! एवढी खूश झालीय पोर, आणि तिच्यासमोर हे काय अभद्र? चेष्टेलाही काही मर्यादा असते."

"अगं, खरंच सांगतोय मी."

"बरं," लेक म्हणाली.

आणि तिला स्वतःलाही बघायचं होतं म्हणून ती गर्दीत घुसली. टक्कलवाल्यांनी बाजूला होऊन तिला चांगली जागा करून दिली. थोड्या वेळाने तिचा आनंदाने चिरकलेला आवाज आला, "दिसली! दगडामागे, दिसली!"

आत्ताचराव टोपी हातात घेऊन तसेच उभे राहिले. नातीने त्यांचं बोट सोडलं नव्हतं. तिने ते हळूच दाबलं, आणि काचेकडे पुन्हा एकदाही पाहिलं नाही.