शुक्रवारचा समुद्र

नातवंडांनो,

थोरलीला भूमध्य समुद्राकाठच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि काल फोनवर तिने इंग्रजीत विचारले, तिकडे वीकएंडला काय करायचे? मी तोंड उघडायच्या आत आजोबांनी फोन ओढून घेतला आणि मी फ्रान्सला शिकायला गेले होते त्याची हकिगत सुरू केली. तिच्यात दर वेळी भर पडते. कालच्या फोनमध्ये पोलीस आले होते. पोलीस आले नव्हते. म्हणून खरे काय ते लिहून ठेवते, तेही मराठीत, म्हणजे तुम्हाला सावकाश वाचावे लागेल.

आधी बहरिनमधली आमची सहल कशी असायची ते ऐका. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी. थंडी पडली की पुण्या-मुंबईची सात-आठ कुटुंबे मिळून आम्ही शुक्रवारी समुद्रावर जायचो. कोणी काय आणायचे यावर आठवडाभर फोन चालायचे, आणि इतके ठरवूनही तीन घरांतून बटाट्याची भाजी यायची. समुद्रावर पोचलो की गाड्या पाण्याकडे तोंड करून ओळीने लावायच्या, सतरंज्या अंथरायच्या आणि लगेच जेवायला बसायचे. वाळू डब्यात जाते म्हणून निम्म्या बायका, त्यांत मीही, गाडीतच, एसी लावून. पाण्याला कोणी पाय लावत नसे. सेनापती तुमचे आजोबा. निघताना "यल्ला, यल्ला!" आणि जेवण झाले की "खलास, आवरा!" या दोन आरोळ्यांच्या मधला वेळ म्हणजे सहल. मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये आठवडाभर इंजिने दुरुस्त करणारा माणूस शुक्रवारी आमची घडी बसवायचा.

मग एकेकाची नोकरी संपली, व्हिसा संपला, एकेक कुटुंब पुण्याला परतले. आजोबाही निवृत्त झाले. आम्ही तुमच्या काकाच्या व्हिसावर बहरिनमध्येच, बुदैयाला राहिलो. आजोबांनी शुक्रवारी बाहेर पडणे बंद केले. पुढे इतर दिवशीही. "कोणाबरोबर जायचं?" एवढेच म्हणायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे. काका सुट्टीच्या दिवशी न्यायला बघायचा, तर यांना कपडे बदलायचाही कंटाळा. टीव्हीवरच्या बातम्या त्यांच्या पाठ झाल्या होत्या, कारण त्याच त्या पुन्हा लागायच्या. मला त्या खुर्चीची भीती वाटायला लागली होती.

अशात मी शाळेतून निवृत्त झाले आणि फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात तीन महिन्यांच्या फ्रेंच वर्गाला नाव घातले. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना इंग्रजी शिकवले, एकदा बाकावर बसून बघावे म्हटले. दोघे मिळून जाऊ, असे आजोबांना म्हणाले.

"मी काय करू तिथे? डबा घेऊन तुला शाळेत सोडू?"

मी एकटी गेले.

वर्गातली मुले तुमच्याएवढी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समुद्रावर यायचे आमंत्रण दिले. सुट्टीच्या पहिल्या दिवशी, अकराला, खडकांपाशी. मी रात्रीच तयारी केली. मसालेभात, दह्याची कोशिंबीर, थर्मासमध्ये चहा, सतरंजी, कागदी ताटल्या, सेफ्टी पिना, बँडेज. काय आणू असे मी विचारले होते. "टॉवेल," ते म्हणाले. पोरे लाजत असतील असे मी समजले.

अकराला मी खडकांपाशी हजर. चिटपाखरू नाही. बारा वाजले. मुले बेशिस्त असतातच, मी मनात म्हटले. साडेबाराला फोन वाजला. वर्गातला एक मुलगा दबक्या आवाजात विचारत होता, बाईंनी तुमची गैरहजेरी लावली, बरे आहे ना?

तो शुक्रवार होता. त्यांची सुट्टी शनिवारी सुरू होते. एवढी वर्षे बहरिनमध्ये राहून शुक्रवार हा सुट्टीचा पहिला दिवस नाही असेही जगात कुठे असते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. गैरहजर मुलांना जन्मभर उभे केले, आणि स्वतः मात्र दहा माणसांचा मसालेभात घेऊन वर्ग बुडवून समुद्रावर.

मग काय, जेवले. आवरा म्हणणारे कोणी नव्हते. समोर गाडीची काच नव्हती. चप्पल काढून पाय पाण्यात सोडले आणि उन्हे कलेपर्यंत बसून राहिले. समुद्र इतका आवाज करतो हे मला माहीत नव्हते. बहरिनमध्ये आमच्या काचा बंद असायच्या.

दुसऱ्या दिवशी मुले खरेच फक्त टॉवेल घेऊन आली. परत किती वाजता निघायचे, मी विचारले. ती हसली. उरलेला भात मात्र त्यांनीच संपवला, आणि पुढच्या शनिवारी मला विचारले, "आज डबे नाहीत?" टॉवेलवाद पोट रिकामे होईपर्यंतच टिकतो.

त्या पहिल्या शुक्रवारच्या रात्रीच आजोबांना फोनवर सगळे सांगितले होते. ते किती महिन्यांनी हसले. लगेच विचारले, "मसालेभात नासला नाही ना?" मग म्हणाले, "समुद्र काय, इथे पण तोच आहे." मी म्हटले, मग बघा की जाऊन. टीव्हीचा आवाज वाढला.

डिसेंबरात परतले. पहिल्याच शुक्रवारी खांद्यावर टॉवेल टाकला आणि जाहीर केले, मी समुद्रावर चालत निघाले.

"चालत? दारात गाडी असताना?"

"गाडी राहू दे. तुम्ही येता का?"

त्यांनी रिमोट उचलला. मी निघाले. बुदैयाच्या त्या हायवेच्या कडेने कोणी चालत नाही, हे मला चालायला लागल्यावर समजले. पहिली गाडी थांबली. तिच्यात आपल्या गल्लीतले रत्नागिरीचे दुकानदार. "काय वो काकू, गाडी बंद पडली काय? बसा, सोडतो." दुसऱ्या गाडीतल्या बाईंनी काच खाली करून हळूच विचारले, घरी सगळे ठीक आहे ना? तिसरी गाडी थांबेचना, माझ्या बाजूने रांगत राहिली, इंडिकेटर लुकलुकवत. आत तुमचे आजोबा, घरच्या लेंग्यात.

"बस आत. दुकानदाराचा फोन आला. गावभर होईल, मी तुला घराबाहेर काढलं म्हणून."

"मी चालतेय."

"मग चाल! मी मागे आहे."

असे आम्ही किनाऱ्यावर पोचलो, वरातीसारखे. त्यांनी सवयीने गाडीचे तोंड पाण्याकडे केले, काचा लावल्या, एसी लावला. मी वाळूत बसले आणि वळूनसुद्धा पाहिले नाही. बऱ्याच वेळाने काच खाली झाल्याचा आवाज आला.

"पाणी गार आहे का?"

"येऊन बघा."

दार उघडले. डिकीही उघडली. जुन्या सहलींच्या दोन घडीच्या खुर्च्या आणि थर्मास त्यांनी बाहेर काढला. थर्मास गरम होता. म्हणजे मी निघाल्यावर घरात आधी चहा झाला होता. त्यांनी लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला, घोट्याएवढ्या पाण्यात गेले आणि कमरेवर हात ठेवून इंजिन तपासावे तसे समुद्राकडे बघत उभे राहिले. खलास म्हणायला त्या दिवशी विसरले.

तर थोरले, टॉवेल ने आणि डबाही ने. आणि सुट्टी कधी सुरू होते ते आधी विचार.

आमच्या त्या मंडळींपैकी बहरिनमध्ये आता कोणी नाही. दोन खुर्च्या आहेत, थर्मास आहे आणि शुक्रवार आहे. मी चालत जाते. आजोबा मागून गाडी आणतात.