येते, काकू

शेजारची मुलगी नर्सिंग शिकते. आमच्या परसातला कढीलिंब न्यायला रोज यायची. आधी पान हुंगणार, मग डहाळी खुडणार. जाताना कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी वळून "येते हं काकू" म्हणायची आणि मी "ये" म्हटल्याशिवाय पाऊल उचलायची नाही.

उन्हाळ्यात ती चर्चतर्फे दोन महिने केनियाला, एका वृद्धाश्रमात सेवेला गेली. परवा रत्नागिरीत परतली आणि बॅग घरात टाकून थेट माझ्याकडे आली. कढीलिंब खुडून म्हणाली, "जाते, काकू."

मी तिला तिथेच टोकलं. "जाते म्हणू नये गो. येते म्हणावं."

ती हातातली पानं चाळवत राहिली. "तिथल्या एका आजीला मी रोज संध्याकाळी येते म्हणायचे. अर्थही मीच सांगितला होता. निघायच्या दिवशी सवयीने तेच तोंडातून गेलं. दोन दिवस ती फाटकाजवळ खुर्ची टाकून बसलीय, आश्रमातून कळवलंय. जेवायलाही आत जात नाही."



गडग्यापाशी ती वळली. "जाते," पुन्हा म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.

मी "ये" म्हटलं, तेव्हा कुठे तिने पाऊल उचललं.