इब्राहिमचाचांची रेघ

इब्राहिमचाचा नेलपॉलिश विकत घ्यायचे. साठीला टेकलेला, पांढऱ्या दाढीचा, हज करून आलेला माणूस तिकडे अरबांच्या मुलखात, हुफूफच्या बाजारात बायकांच्या सामानाच्या दुकानात उभा राहून बाटल्या उजेडात धरून बघायचा. रंग ठरलेला, लालभडक. तिथला यमनी दुकानदार दर वेळी विचारायचा, "हाजी, ही कितव्या बीवीसाठी?" चाचा चेहरा न हलवता सांगायचे, "चौथी. लोखंडाची आहे. नखरे फार करते."

ती बाटली त्यांच्या वरच्या खिशात असायची. कुठलाही स्क्रू आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर उतरणारी एक बारीक रेघ ते ओढायचे. स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघेचे दोन तुकडे दिसणार. लोखंड कातायचा लेथ, पाण्याचे पंप, आमच्या खोलीतली गॅसची शेगडी, कूलरचं झाकण, कशालाही त्यांनी सोडलं नव्हतं.

मी सातवीत शाळा सोडलेला, चिपळूणच्या बाजूचा. अबू नासिर म्हणजे आमचा कफील, ज्याच्या नावावर आमचे व्हिसे तो मालक. खजुराच्या बागांतले पंप दुरुस्त करायचं त्याचं वर्कशॉप होतं. तिथे चाचा फिटर आणि मी त्यांच्या हाताखाली. चाचा दापोलीकडचे, खाडीकाठच्या गावातले, त्यामुळे बोलणं घरच्यासारखं. माझा स्वभाव मूळचाच धास्तीचा. गॅस बंद केला की तीनदा जाऊन बघणार, दार लावलं की पुन्हा ओढून बघणार. स्क्रूचंही तसंच. आवळला तरी जीव राहायचा नाही, आणखी अर्धा फेरा द्यायचोच. पहिल्याच आठवड्यात एकाचं डोकं तुटून माझ्या हातात आलं. चाचा ओरडले नाहीत. म्हणाले, "पिळला की ऐकतो, जास्त पिळला की रडतो, त्याच्यावर पिळला की मरतो. मेल्या, तू ह्याला मारलास." मग बाटली काढली. "रेघ मार आणि विसर. रेघ तुटली तर हात लाव. नाय तुटली तर हात खिशात."

मग शेजारच्या देशाशी लढाई सुरू झाली. सायरन वाजू लागले, क्षेपणास्त्रं कधी रियाधकडे, कधी धहरानकडे. रास तनुराच्या तेल कारखान्यात काम करणारे ओळखीचे दोघे एक दिवस बॅगा घेऊन जेद्द्याला निघूनच गेले. तिथून विमान मिळत होतं. मलाही जायचं होतं. घरी आई, बायको आणि मी अजून न पाहिलेली मुलगी. पण कफिलाची सही असलेला कागद हातात असल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही, आणि लष्कराला पाणी पुरवणाऱ्यांची कामं आल्यामुळे अबू नासिरने सगळ्यांच्या रजा थांबवल्या होत्या.

काचा फुटून उडू नयेत म्हणून खिडक्यांना आम्ही चिकटपट्ट्या लावल्या होत्या. मी येता-जाता त्या अंगठ्याने दाबत बसायचो. इतक्या दाबल्या की कोपऱ्यातली एक सुटलीच. चाचांनी नवी लावली आणि अर्धी पट्टीवर, अर्धी काचेवर अशी लाल रेघ ओढली. "आता सायरन झाला की हिच्याकडे बघायचा. दाबायचा नाय."

त्याच दिवसांत अबू नासिर एक पेटी घेऊन आला. आत शिकारीचं जाडजूड पिस्तूल, हातभर नळीचं, आणि त्यावर बसवायची दुर्बीण. पिस्तूल एवढं जबर की प्रत्येक बाराला दुर्बीण जागची सरके, आणि परवा तर स्क्रू निघून ती समोर वाळूत जाऊन पडली. त्याच्या मुलाने शोधून आणली म्हणे. दोन कारागिरांना दाखवून झालं होतं, पण त्यांना जमलं नव्हतं.

चाचांनी हात मागे घेतले. "शेख, आम्ही परदेशी माणसं. तुम्ही समोर बसणार असाल तरच हात लावीन. आणि गोळ्या घरी ठेवून यायच्या."

अबू नासिर हसला, दिवस ठरवला, रिकामं पिस्तूल आणून खुर्ची टाकून बसला. काम चालू असताना चाचा सहज बोलल्यासारखं बोलले, "शेख, हे बसलं तर ह्या पोराच्या कागदावर सही करा. त्याला झोप नाही. झोप नसलेला माणूस लेथवर बोटं घालवतो."

अबू नासिरने माझ्याकडे बघितलं. "ये डरपोक? ठीक आहे. हे हललं नाही तर जाईल. यल्ला, चला कामाला."

त्या दिवशी मी चाचांचे हात डोळ्यांत साठवून घेतले. आधी त्यांनी स्क्रूचा प्रत्येक आटा थिनरने धुतला. "तेल लावलेला स्क्रू म्हंजे साबण लावलेला पैलवान." दुर्बीण धरून ठेवणाऱ्या दोन कड्या होत्या, त्यांनी लेथवर तिसरी कातली. पिस्तुलाच्या पाठीवर स्क्रूने बसणाऱ्या लोखंडी पट्टीच्या खाचेत कड्या बसवल्यावर दुर्बीण बोटाने पुढे ढकलून खाचेच्या पुढच्या कडेला टेकवली. "पिस्तूल मागं उसळतं, ही जागेवरच राह्यला बघते, म्हंजे पुढं पळते. पळायला अंगणच ठेवायचा नाय." मग आट्यांना पकड धरणारा निळा डिंक लावला, समोरासमोरचे स्क्रू थोडे-थोडे करत आवळले, रात्रभर सुकू दिलं आणि सकाळी प्रत्येकाला रेघ.

शुक्रवारी अबू नासिरच्या शेतावर गेलो. वाळूच्या बांधापुढे तेलाचा डबा ठेवला होता. प्रत्येक आवाजाला माझे खांदे वर जात. गोळ्या मात्र डब्यात नेमक्या लागत होत्या. अबू नासिर खूष झाला, "खलास! उद्या सही!" म्हणत त्याने माझी पाठ थोपटली.

चाचांनी पिस्तूल रिकामं करून मागितलं आणि चष्मा लावून वाकले. वाकलेलेच राहिले.

"शेख, नाही झालं. मागच्या स्क्रूची रेघ तुटली."

अबू नासिरने डोळे बारीक करून बघितलं. त्याला काही दिसेना. "गोळ्या तर लागतायत!"

"आज लागतायत."

परतताना पिकअपच्या मागे बसून मी जवळजवळ रडलोच. "चाचा, केसाएवढी रेघ ती! त्यांना दिसलीसुद्धा नव्हती. माझा कागद होता त्याच्यात."

"बाटली खिशातच होती माझ्या," चाचा म्हणाले. "तिथंच दुसरी रेघ मारली असती. तू घरी गेला असतास. आणि मग चिपळुणात बसून रोज म्हणाला असतास, सुटली असेल काय, शेखच्या पोराला लागली असेल काय. तुझा स्वभाव मला ठाऊक हाय. तुला घरी पाठवायचा तर पुरता पाठवीन, अर्धा नाय."

 

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं खोललं. पट्टीच्या खालच्या बाजूला दिव्याची काजळी लावून ती पिस्तुलावर टेकवली आणि उचलली. काजळी फक्त दोन टोकांना उमटली. मधे पट्टी अधांतरी होती. प्रत्येक बाराला ती तेवढीच वाकत होती आणि मागचा स्क्रू सैल करत होती. चाचा कानस घेऊन बसले. दोन ओढी, काजळी, बघणं, पुन्हा दोन ओढी. मधेच सायरन झाला. मी उठलो, खिडकीतल्या पट्टीवरची रेघ बघितली, परत येऊन काजळीचा दिवा धरला. पट्टी दाबायची राहिली, हे माझ्या मागाहून लक्षात आलं.

पुढच्या शुक्रवारी पहिल्यापेक्षा जास्त बार झाले. चाचा वाकले, प्रत्येक स्क्रू बघितला आणि पिस्तूल अबू नासिरच्या हातात देत म्हणाले, "आता विसरा." त्याने तिथेच गाडीच्या बॉनेटवर माझ्या कागदावर सही केली.

"जेद्द्याची बस सकाळची हाय," चाचा मला म्हणाले. "भाऊ, जा. इथं कोण तुला हसणार नाय."

सकाळी बॅग भरलेली होती. कागद खिशात होता. मी सवयीने काचेवरची रेघ बघितली. अखंड होती. बॅग खाटेखाली सरकवली आणि जाऊन लेथ चालू केला. चाचांनी मान वर केली नाही. फक्त चहा दोन कप ओतला. त्या कागदावर मी घरी गेलो तो लढाई थांबल्यावर, मुलीसाठी बाहुली घेऊन, सावकाश.

चाचा पुढे कायमचे गावी गेले. मी आणखी बरीच वर्षं तिथे राहिलो. ते वारल्याची बातमी मला हुफूफमध्येच कळली. रजेवर आलो तेव्हा दापोलीला जाऊन चाचींना भेटलो. त्यांनी सांदणं पुढे ठेवली.  डोक्यावर पंखा फिरत होता.

"हा पंखा त्यांनीच टांगलेला," चाची म्हणाल्या. "ते गेल्यापासून मला वाटत राहतं, सैल झालाय, पडेल. रात्री त्याच्याखाली झोपत नाय मी. तू त्यांच्या हाताखालचा. जरा आवळतोस काय?"

मी पंखा बंद केला, पाना घेतला, स्टुलावर चढलो. छताजवळचा हूक झाकणारी वाटी खाली सरकवली. नटावरून हुकावर उतरलेली लाल रेघ धुळीने काळपटली होती. फडकं मागून घेऊन पुसली. केसभरही तुटली नव्हती.

पाना खिशात घातला आणि खाली उतरलो.

"चाची," म्हटलं, "झोपा त्याच्याखाली."