रजिस्टरातली नणंद

पुण्याहून निघताना माझ्या शबनममध्ये दोन कुडते आणि पत्रकांचा जाड गठ्ठा होता. मथळा : ‘मातृत्वाची सक्ती नको!’ ज्या दोघींकडे चालले होते, त्यांच्यापैकी एक मूल व्हावं म्हणून पाच महिने इंजेक्शनं घेत होती, हे मला माहीत होतं. पण मला त्यांच्या सोबतीला पाठवणाऱ्या आमच्या स्त्रीमुक्ती गटाकडे दुसरं पत्रक शिल्लक नव्हतं.

दोंडाईचा स्टेशनवर शोभाताई घ्यायला आल्या. त्या शाळेत शिकवतात. हवेत वाळत्या मिरचीचा खाट, त्यामुळे खान्देशातलं माझं पहिलं वाक्य शिंकेतच गेलं. घरी मंदाताई होत्या. गावाच्या लेखी या दोघी मामेबहिणी. खरं म्हणजे दोघींचा नऊ वर्षांचा संसार. जेवायला कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा. ‘स्त्रीचं शरीर ही रणभूमी आहे’ एवढं म्हणेपर्यंत मला उचकी लागली.

“आते पानी पी,” मंदाताई म्हणाल्या, “भाषण मंग दे.”

सकाळच्या पॅसेंजरने जळगावला निघालो. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून दवाखाना इतका लांबचा. मंदाताईंना पाळी चुकून आठ दिवस वर गेले होते. गाडीत मी ‘बाळ’ म्हणाले, तर त्यांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला.

दवाखान्याच्या रजिस्टरात नवरा आखातात आणि सोबत नणंद अशी नोंद होती. नवऱ्याची सहीसुद्धा शोभाताईंचीच. कागदावर नवराही त्याच, नणंदही त्याच.

“हे खोटं आहे! जोडीदार लिहायला सांगा!” मी फणकारले.

“नणंद शे म्हणून तर तिले आत बसू देतस,” मंदाताई कुजबुजल्या.

तपासणीनंतर नर्सने बाहेर येऊन मान हलवली. नाही राहिलं.

बाकांवरच्या बायका बघत होत्या. शोभाताई एकदम कडाडल्या, “दर खेपेला हेच! माझी रजा फुकट!” मंदाताईंनी मान खाली घातली. मला ते खरंच वाटलं आणि मी उठले. सुनांच्या छळावर बोलले, दणदणीत बोलले, वर पत्रकंही वाटली. मूल होत नाही म्हणून रडवेल्या झालेल्या बायकांच्या हातात ‘मातृत्वाची सक्ती नको!’

“वं माय, हाई काय वाटी राहिनी?” एक आजी म्हणाली.

नर्सला मात्र भाषण पटलं. “पुढच्या वेळी नणंदेला घरीच ठेवा. एकट्या या.”

तेव्हा मला पदराखाली दिसलं. शोभाताईंनी मंदाताईंची बोटं इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली होती. कडाडणं फक्त बाकांवरच्या बायकांसाठी होतं.

“नही सिस्टर,” मंदाताई म्हणाल्या. “बोलस ती. पन तिन्हा बिगर मी येत नही.”

नर्स विरघळली. नणंदेची नोंद राहिली.

परतीच्या गाडीत अमळनेर मागे पडल्यावर शोभाताई खिडकीकडे तोंड करून रडू लागल्या. मंदाताई पाठीवर हात फिरवत राहिल्या. समोरच्या बाईने विचारलं, “घरमा कोणी गये का?”

“हो,” मंदाताई म्हणाल्या.

माझ्याकडे सगळ्यावर मुद्दे होते, यावर एकही नव्हता. मी पाण्याचा तांब्या धरून बसले. अख्ख्या प्रवासात माझा तेवढाच उपयोग झाला.

पुण्यात गटाने विचारलं, काय केलंस? पत्रकं संपली, असं सांगितलं. मग शोभाताईंचं पत्र आलं. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं आहे, मंदा म्हणते तूही ये. रजिस्टरात ‘धाकटी नणंद’ लिहू. अट एकच, टोमणे मारता आले पाहिजेत.

सध्या आरशासमोर सराव करते आहे. भाषण फार सोपं होतं.