ओटीत घातलेली झोप

आमच्या घरात ओटी भरताना सगळ्यात मोठी सवाशीण जे बोलते, तेच बाकीच्या बायकांनी बोलायचं असतं. म्हातारा अजून आहे, म्हणून तो मान माझा. बोलायचं तेही ठरलेलं: आठ पोरांची आई हो.

नातवाने स्पेनची मुलगी केली. ती पहिल्यांदाच आमच्या गावी, शेणव्याला येणार होती. आधी त्याचा फोन आला. "आजी, पोट पडलंय तिचं. अजून महिना नाय झाला. कोनाला बोलू नको." आता तिनेच सगळ्यांना सांगितलंय, म्हणून लिहिते. मराठीतलं बोलणं तिला कळलं नसतं. पण आमच्या बायका आशीर्वाद देताना हातांचा पाळणा करून हलवतात. तो कळला असता.

नात कल्याणला स्पॅनिश शिकते, रोज आटगाववरून गाडी धरते. तिला बसवलं.

"एकच वाक्य शिकव. तुला शांत झोप लागो."

"झोप? ओटीत कोन झोप घालतं गो?"

"मी घालते. शिकव."

तिने वहीत मराठी अक्षरांत लिहून दिलं: के दुएर्मास त्रांकीला. मी चौथी शिकलेली, वाचता येतं. पण तोंडात 'दुएर्मेस' येई.

"आजी, असं बोललीस तर ती झोपतेच असं सांगतेस. तू इच्छा करतेस ना? ती झोपते का नाय, तुला काय म्हाईत?"

खरं होतं. झोपत नसणार. माझं एक असंच गेलं होतं, तेव्हा महिनाभर मी कौलं मोजत पडले होते. मग नाचणी निवडताना, चुलीपुढे, पंधरा दिवस घोकलं. सून म्हणाली, "आई, अंगात आलंय काय तुमच्या?" मी थांबले नाही.

ओटीच्या दिवशी पोरगी पाटावर बसली. मी तिच्या पदरात तांदूळ आणि नारळ घातला आणि म्हटलं, "के दुएर्मास त्रांकीला, गो." गो आपसूक आला. तिने एकदम मान वर केली.

धाकटी जाऊ मागे उभी होती. "बाय, काय बोललीस? आमी काय बोलायचं?"

"मी बोलले तेच."

"आमाला नाय येत तसलं."

"मग गप भरा."

"आन आठ पोरांचं ऱ्हायलं ना!" तिचे हात पाळण्यासाठी वर आले होते.

"तुझ्या सुनेला दे आठ. इथं मान माझा हाय. हात खाली कर."

तिने केले. सगळ्या एकामागून एक गप ओटी भरून गेल्या, तोंडं फुगवून. नंतर पोरीने नातीकरवी विचारलं, शेवटचा 'गो' कुठल्या भाषेतला? म्हटलं, सांग तिला, तेवढा आमचा.

दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात उतरलं तरी ती उठली नव्हती. सून चहा घेऊन तिच्या दाराशी गेली. मी सुनेला परत पाठवलं.